धागा : सीलिंग फॅनची असेंब्ली लाईन मॉडेलवरून आखणे – इंडक्शन आणि बीएलडीसी एकाच लाईनवर

दहाचा_पाना

मरोळ-साकीनाक्यापासून वसईपर्यंत बहुतेक गाळ्यांत असेंब्ली लाईन एक्सेलवर आखतात. एकच मॉडेल बनत असेल तर ते पुरतंही. अडतं ते दुसरं मॉडेल त्याच लाईनवर आणताना. सीलिंग फॅनला जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं झालं, तेव्हापासून इंडक्शनच्या (साध्या मोटरच्या पंख्याच्या) लाईनवर बीएलडीसी, म्हणजे चुंबकाचा रोटर आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असलेला कमी वीज खाणारा पंखा, कसा बसवायचा हा प्रश्न सारखा येतो. म्हणून तेच उदाहरण घेऊन एमबीएसई, म्हणजे मॉडेलवर आधारलेलं सिस्टिम्स इंजिनिअरिंग, लाईन प्लॅनिंगला कसं लावायचं ते इथे मांडतो. दुरुस्त्या आणि भर हवीच आहे.

एक्सेलचा मूळ दोष गणितात नाही. एकाच कृतीचा वेळ चार ठिकाणी राहतो : टाइम स्टडीची शीट, बॅलन्सिंगची (कृती स्टेशनांत समान वाटण्याची) शीट, पीएफएमईए (प्रक्रियेत काय बिघडू शकतं त्याची यादी) आणि टेबलावर लावलेलं वर्क इन्स्ट्रक्शन. स्क्रू बदलला की चारपैकी दोन ठिकाणी सुधारणा होते, उरलेली दोन तशीच राहतात. मॉडेलमध्ये ती कृती एकदाच असते, बाकी सगळे तिच्याकडे बोट दाखवतात.

थर चारच ठेवायचे : गरजा, उत्पादन, कृती, साधनं. सिसएमएलमध्ये (एमबीएसईची मॉडेल लिहायची भाषा) गरजांना रिक्वायरमेंट, उत्पादन आणि साधनांना ब्लॉक, कृतींना ॲक्टिव्हिटी. खरी किंमत या थरांमधल्या दुव्यांची आहे. कोणती कृती कोणत्या स्टेशनला नेमली, कोणती गरज कोणत्या तपासणीने सिद्ध होते, हे दुवे नसतील तर हाती फक्त सुंदर आकृत्या उरतात.

आता आकडे. शिफ्ट ५१० मिनिटं. जेवण ३०, दोन चहा मिळून २०, सुरुवातीची सूचना-साफसफाई १०. उरली ४५० मिनिटं, म्हणजे २७,००० सेकंद. गरज ६०० पंखे, म्हणून टाक्ट (एका पंख्यामागे मिळणारा वेळ) ४५ सेकंद. लाईन ९० टक्के वेळ चालेल असं धरलं तर स्टेशनला मिळतात ४०.५. आखणी ४० वर करू.

वाइंडिंग झालेला स्टेटर लाईनवर येतो असं समजून इंडक्शन पंख्याच्या कृती, वेळ सेकंदांत :

क-१० स्टेटरचा रेझिस्टन्स आणि नजर तपासणी, १४
क-२० स्टेटरमध्ये शाफ्ट प्रेस, २२
क-३० शाफ्टवर दोन्ही बेअरिंग, १२
क-४० खालच्या कव्हरमध्ये रोटर, २४
क-५० रोटरमध्ये स्टेटर उतरवणे, १६
क-६० वरचं कव्हर, १४
क-७० तीन लांब स्क्रू, २४
क-८० हाताने फिरवून पाहणे, एंड-प्ले (शाफ्टची मागे-पुढे ढिलाई), १२
क-९० कपॅसिटर आणि वायरिंग, ३८
क-१०० इन्सुलेशन आणि हाय-व्होल्टेज टेस्ट, ३२
क-११० रन टेस्ट : वेग, करंट, आवाज, ३६
क-१२० सिरीयल लेबल, १०
क-१३० पात्यांचा जुळलेल्या वजनाचा संच, ३०
क-१४० डाउनरॉड, कॅनोपी, हार्डवेअरची पिशवी, २६
क-१५० खोका भरणे, ३४

बेरीज ३४४. भागिले ४० म्हणजे ८.६, कागदावर ९ स्टेशनं. प्रत्यक्षात १० लागतात : (१०,२०) (३०,४०) (५०,६०) (७०,८०) (९०) (१००) (११०) (१२०,१३०) (१४०) (१५०). कार्यक्षमता ३४४ भागिले ४००, ८६ टक्के.

---

मोजपट्टी

नऊ का जमत नाहीत हेही लिहा, मालक पहिला प्रश्न तोच विचारतो. सगळ्यात लहान कृती १० सेकंदांची आहे. त्यामुळे क-९०, क-१००, क-११० आणि क-१५० यांच्या जोडीला दुसरं काहीच बसत नाही. त्यांच्याकडे अनुक्रमे २, ८, ४ आणि ६ सेकंद वाया जातात, एकूण २०. नऊ स्टेशनांत मिळून शिल्लकच ३६० वजा ३४४, म्हणजे १६ सेकंद आहे. विषय संपला, कोणतंही सॉफ्टवेअर लावा.

ही पडताळणी मॉडेलमध्ये पॅरामेट्रिक कन्स्ट्रेंट (आकड्यांना बांधणारं समीकरण) म्हणून घालून ठेवा. उद्या कोणी क-१०० चा वेळ ३० वर आणला की नऊची शक्यता आपोआप पुन्हा तपासली जाईल. (आणली तरी नऊ जमत नाहीत : क-१०० आणि क-१३० दोन्ही ३० च्या होतात, आणि जोडीला बसणारी १० सेकंदांची कृती एकच, क-१२०. म्हणजे दोघींपैकी एकीकडे १० सेकंद वाया जातातच. एकूण वाया २२, शिल्लक १८.)

---

खालचा_माळा

नवख्यांसाठी : लाईन बॅलन्सिंगची गणिती मांडणी १९५५ सालची, साल्व्हसनची. हेल्गेसन-बर्नी यांची रँक्ड पोझिशनल वेट पद्धत १९६१ ची, आजही हाताने करता येते. त्यासाठी एमबीएसई लागत नाही. एमबीएसई लागतं ते पद्धतीला दिलेली माहिती खरी आहे की नाही हे कळायला. आणि सगळ्यात खोटी माहिती असते ती प्रेसिडन्सची, म्हणजे कशानंतर काय.

---

दहाचा_पाना

@खालचा_माळा, अगदी मुद्द्याचं. त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण मॉडेलिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

प्रत्येक ‘आधी-नंतर’ दुव्याला एक कारण जोडायचं, आणि कारणाचे प्रकार तीनच ठेवायचे : भौतिक, दर्जा, सवय.

भौतिक : बेअरिंग नसलेला शाफ्ट कव्हरमध्ये बसणार नाही. क-३० नंतरच क-५०. यात बदल नाही.

दर्जा : लेबल लावायचं ते टेस्ट पास झाल्यावरच. क-११० नंतर क-१२०. तोडता येतो, पण त्याच्या बदल्यात दुसरं नियंत्रण द्यावं लागतं.

सवय : ‘हार्डवेअरची पिशवी शेवटी भरतात’. क-१४० ला क-१५० च्या आधी होण्याखेरीज कसलंच बंधन नाही. सकाळी सातलाही भरता येते, लाईनच्या बाहेरही भरता येते.

साधारण लाईनच्या प्रेसिडन्स चार्टमध्ये सवयीचे दुवे बरेच निघतात, आणि चार्टवर ते भौतिक दुव्यांसारखेच बाण म्हणून दिसतात. कारणाचा रकाना भरला की बॅलन्सिंगला मोकळीक किती आहे ते दिसतं. आमच्या उदाहरणात क-४०, क-१३० आणि क-१४० यांच्या आधी काहीच नाही. तरी बहुतेक चार्ट त्यांना एका रांगेत ओवून ठेवतात.

---

फिरकी_टाका

आता बीएलडीसी. बदल नेमके कुठे?

---

दहाचा_पाना

तीन ठिकाणी वेळ बदलतो, बाकी तसंच राहतं.

क-५० : रोटरमध्ये चुंबक असतात. स्टेटर उतरवताना तो एका बाजूला ओढला जाऊन आपटतो, चुंबकाचे टवके उडतात. म्हणून गाइड असलेलं फिक्श्चर, हात हळू. १६ चे २८.
क-९० : कपॅसिटर जातो, कंट्रोलर पीसीबी येतो. बसवणे, कनेक्टर, वायर नीट लावणे. ३८ चे ५२.
क-११० : प्रत्येक वेगावर करंट आणि रिमोटची जोडणी. ३६ चे ५८.

एकूण ३९२. आता ६०० मध्ये ३६० इंडक्शन आणि २४० बीएलडीसी धरले, म्हणजे ६०-४०. भारित सरासरी क-९० ची ४३.६ आणि क-११० ची ४४.८. दोन्ही ४० च्या वर. म्हणजे क्रम कसाही लावा, ही दोन स्टेशनं गरज पुरी करणार नाहीत. क्रमवारीने चढउतार सपाट होतो, सरासरी कमी होत नाही. हे वाक्य लाईन प्लॅनिंगच्या बैठकीत दर वेळी म्हणावं लागतं.

---

मोजपट्टी

आणि बॅचने चालवलं तर आणखी वाईट. ४० पंख्यांच्या बीएलडीसी बॅचमध्ये क-९० वर दर नगाला १२ सेकंद तुंबतात, एकूण ४८० सेकंद, म्हणजे १२ पंखे टेबलापुढे साचतात. क-११० वर १८ गुणिले ४०, ७२० सेकंद, १८ पंखे. मोटर असेंब्ली टेबलावर एकावर एक रचता येत नाही, वायर बाहेर आलेली असते.

---

दहाचा_पाना

म्हणून नवी मांडणी. क-९० चे दोन भाग : अ म्हणजे बसवणे, ब म्हणजे जोडणे. इंडक्शनला १६ अधिक २२, बीएलडीसीला २० अधिक ३२. क-११० साठी दोन बेंच समांतर.

स्टे-१ : १०, २० → ३६
स्टे-२ : ३०, ४० → ३६
स्टे-३ : ५० → १६ / २८
स्टे-४ : ६०, ७० → ३८
स्टे-५ : ८०, ९०अ → २८ / ३२
स्टे-६ : ९०ब → २२ / ३२
स्टे-७ : १०० → ३२
स्टे-८अ, ८ब : ११० → ३६ / ५८, दोन बेंचवर
स्टे-९ : १२०, १३० → ४०
स्टे-१० : १४० → २६
स्टे-११ : १५० → ३४

जागा १२, माणसं ११. भारित काम ३६३.२ सेकंद, म्हणून कार्यक्षमता ७५.७ टक्के. आधीचे ८६ कुठे गेले असं विचारलं जाईल. ही विविधतेची किंमत आहे, आणि ती मशीन घेण्याआधी कागदावर दिसलेली बरी.

क-११० मध्ये माणसाचा वेळ १२ (बीएलडीसीला १४), बाकी मशीनचा. मॉडेलमध्ये प्रत्येक कृतीला ‘हाताचा वेळ’ आणि ‘यंत्राचा वेळ’ असे दोन वेगळे गुणधर्म द्या. एकच आकडा ठेवला तर एक माणूस दोन बेंच सांभाळतो हे गणितात उतरवताच येत नाही.

---

रुळावरून

स्टे-९ पूर्ण ४० वर आहे, श्वास घ्यायला जागा नाही. स्टे-८ च्या माणसाचा हात सरासरी १२.८ सेकंदच गुंततो. लेबल त्याला द्या. तो २२.८ वर जातो, स्टे-९ तीसवर येतं. वेळेपेक्षा मोठा फायदा असा की टेस्टरने पास म्हटल्याशिवाय प्रिंटर लेबल सोडणार नाही अशी जोडणी करता येते. नापास पंख्यावर चुकून लेबल लागायची वाटच बंद.

---

दहाचा_पाना

घेतलं. दर्जाचा दुवा होता तो आता यंत्राने पाळला जातो. मॉडेलमध्ये तो ८अ, ८ब आणि प्रिंटर यांच्यातला इंटरफेस म्हणून दाखवावा, नुसता बाण म्हणून नको.

---

गाळा_तिसरा_मजला

सगळं ठीक, पण ही लाईन बसणार कुठे? मुंबईत इमारत ही पहिली गरज आहे आणि मॉडेलमध्ये ती सहसा नसतेच. गरजांच्या यादीत हे घाला :

गाळा ६० फूट बाय ३० फूट, म्हणजे १८.२९ मीटर बाय ९.१४. एका जागेला १.२ मीटर धरलं तर १२ जागांचे १४.४. दोन्ही टोकांना ट्रॉली वळवायला २-२ मीटर. झाले १८.४. सरळ लाईन ११ सेंटीमीटरने बसत नाही, आणि खांब अजून मोजलेलेच नाहीत.

यू आकार घ्यावा लागतो. एका बाजूला सहा जागा, ७.२ मीटर. यू मध्ये एक माणूस सुरुवात आणि शेवट दोन्ही करू शकतो, म्हणून क-१० आणि क-१४० एकत्र करायचा मोह होतो. बेरीज बरोबर ४०. पण दोन टेबलांमधलं चालणं धरलं की ती ४० च्या वर जाते. चालायचा वेळ मॉडेलमध्ये दोन स्टेशनांमधल्या जोडणीचा गुणधर्म म्हणून ठेवा, कृतीच्या वेळेत मिसळू नका. मांडणी बदलली की तो बदलतो, कृती तीच राहते.

दुसरी गोष्ट मालाची लिफ्ट. ती सामायिक साधन आहे. एका ट्रॉलीवर ४० खोके धरले तर तयार मालाच्या १५ फेऱ्या, येणाऱ्या मालाच्या जवळपास तितक्याच. भरून-उतरवून एका फेरीला ८ मिनिटं, ३० फेऱ्यांना २४० मिनिटं. ४५० मधली २४० मिनिटं लिफ्ट आपल्याकडेच हवी, आणि इमारतीत बाकीचे गाळेही आहेत. स्टेशन बॅलन्स करण्यात आठवडा जातो आणि खरा अडथळा लिफ्टचा दरवाजा निघतो.

लिफ्ट तासभर बंद पडली तर ४५ सेकंदांच्या टाक्टने ८० पंखे साचतात, बरोबर दोन ट्रॉल्या. तितकी जागा लाईनच्या शेवटी राखलेली असावी, ही गरज म्हणून लिहा आणि मांडणीच्या आराखड्याशी जोडा. नाहीतर ती जागा पहिल्याच महिन्यात रिकाम्या क्रेट ठेवायला जाते.

---

फिरकी_टाका

लिफ्टचं वेळापत्रक सोसायटीशी बोलून ठरवता येतं. येणारा माल सकाळी शिफ्टच्या आधी वर आणला तर लिफ्टवरचा दिवसाचा भार निम्मा होतो.

---

गाळा_तिसरा_मजला

होतो, पण मग तो माल ठेवायला वर जागा लागते आणि स्लॅबवर वजन वाढतं. स्लॅब किती भार घेईल हा आकडा इमारतीच्या कागदपत्रांतून घ्या, अंदाजाने नको. स्टेटर आणि रोटर म्हणजे लोखंड-तांबं-ॲल्युमिनियम, क्रेट लहान दिसतो पण जड असतो. ते क्रेट गाळ्याच्या मध्यभागी न ठेवता बीमजवळ, भिंतीच्या बाजूने मांडा.

---

चहावाली_सुट्टी

पीएफएमईए मॉडेलला कशी जोडता? नुसतं ‘लिंक करा’ म्हणून भागत नाही.

---

दहाचा_पाना

दोन कृती जवळून पाहू.

क-३०, शाफ्टवर बेअरिंग. प्रेसचा पंच फक्त आतल्या रिंगला टेकला पाहिजे. बाहेरच्या रिंगवरून दाबलं तर जोर गोळ्यांमधून जातो, रेसवेवर बारीक ठसे उठतात, आणि पंखा गुरगुरतो. दोष जन्मतो स्टे-२ वर, पकडला जातो स्टे-८ वर, मध्ये पाच स्टेशनं. तोवर दर ४० सेकंदांनी एक, असे बरेच खराब पंखे लाईनवर असतात. म्हणून मॉडेलमध्ये क-३० ला एक गरज जोडलेली असते (‘पंचाचा आतला-बाहेरचा व्यास आतल्या रिंगइतकाच’), ती पूर्ण करणारा ब्लॉक म्हणजे तो पंच, आणि पडताळणी म्हणजे शिफ्टच्या सुरुवातीला पंचाची गेज तपासणी. बेअरिंग ६२०१ आणि ६२०२ अशी दोन असतील तर पंच दोन लागतात. एकाच पंचाने दोन्ही दाबायची पळवाट याच साखळीत उघडी पडते.

क-७०, तीन लांब स्क्रू. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलं तर वरचं कव्हर किंचित तिरकं बसतं, दोन बेअरिंगांची रेषा चुकते. आवाज आणि जादा करंट. म्हणून दोन फेऱ्या : आधी तिन्ही टेकेपर्यंत, मग तिन्ही ठरलेल्या टॉर्कवर. २४ सेकंद याच कारणाने आहेत. कोणी वेळ वाचवायला एक फेरी केली की काम सहज सात-आठ सेकंदांनी लवकर उरकतं, आणि टाइम स्टडी ‘सुधारणा’ म्हणून ते नोंदवून घेते. मॉडेलमध्ये क-७० ची फोड ‘टेकवणे’ आणि ‘आवळणे’ अशी केलेली असेल तर ती सुधारणा खोटी आहे हे लगेच दिसतं.

मग पीएफएमईएचा प्रत्येक बिघाड त्या उपकृतीला लागतो, आख्ख्या स्टेशनला नाही. स्टेशन बदललं तरी बिघाड कृतीबरोबर प्रवास करतो. एक्सेलमधल्या पीएफएमईएत तो स्टेशन नंबरला चिकटलेला असतो, आणि बॅलन्स बदलला की अनाथ होतो.

---

कोपरखैरणे_ते_कुर्ला

बीएलडीसीसाठी आणखी तीन गरजा :

१. हाय-व्होल्टेज टेस्टमध्ये लाईव्ह आणि न्यूट्रल एकत्र जोडून बॉडीविरुद्ध व्होल्टेज द्यायचं. टेस्टरचा क्लिप एकाच वायरला लागला तर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतं. फिक्श्चर असं बनवा की दोन्ही वायर एकाच साच्यात गेल्याशिवाय झाकण बंद होणार नाही.

२. पीसीबी हाताळणाऱ्या स्टे-५, स्टे-६ ला ईएसडी (स्टॅटिक विजेपासून बचावाची) मॅट आणि १ मेगाओहमच्या रेझिस्टरचा रिस्ट स्ट्रॅप. पावसाळ्यात दमटपणामुळे स्टॅटिक कमी वाटतो, म्हणून पट्टे काढून ठेवले जातात आणि डिसेंबरात पुन्हा कोणी लावत नाही. रोजची तपासणी वर्षभर ठेवा.

३. चुंबकाचा उघडा रोटर प्रेसपासून लांब. प्रेसचा लोखंडी कीस चुंबकाला चिकटला तर तो एअर गॅपमध्ये घासतो. वरच्या मांडणीत क-३० ची प्रेस आणि क-४० एकाच स्टेशनवर आहेत, हे इंडक्शनला चालतं, बीएलडीसीला नाही. वेळेच्या बॅलन्सला हे दिसत नाही. ‘एकत्र नको’ अशी बंधनं मॉडेलमध्ये वेगळी लिहावी लागतात.

---

दहाचा_पाना

तिसरा मुद्दा मांडणी बदलायला लावणारा आहे. क-४० स्टे-३ ला हलवलं तर इंडक्शन १६ अधिक २४ म्हणजे ४०, बीएलडीसी ५२. सरासरी ४४.८, नाही जमत. स्टे-३ ला दुसरं टेबल देऊन क-४० तिथे वेगळं करायचं : माणसं १२, जागा १३. किंवा रोटर-कव्हर लाईनबाहेर सबअसेंब्ली करून झाकणासह क्रेटमधून आणायचं. दुसरा पर्याय जास्त पटतो, कारण क-४० ला आधी काहीच लागत नाही, आणि झाकणामुळे कीसही टळतो. झाकण काढायचे ३ सेकंद स्टे-३ ला, १९ / ३१. बसतं.

पण क्रेटच्या फेऱ्या आणि झाकणं परत पाठवणं हे लिफ्टच्या हिशोबात घालावं लागेल. सबअसेंब्ली त्याच गाळ्यात असेल तर सुटका.

---

मोजपट्टी

सरासरी वेळ घेऊन सगळं चाललंय. दोन गोष्टी राहिल्या. प्रत्येक कृतीचे किमान ३० वाचन घ्या आणि सरासरीबरोबर पसरही मॉडेलमध्ये ठेवा. आणि दुरुस्ती. १०० मध्ये ३ पंखे रन टेस्टला नापास होऊन पुन्हा येतात असं धरा, तर टेस्ट ६१८ होतात, ६०० नाही. पुन्हा उघडून आवळायचे असतील तर क-७० वरही तेवढा भार, आणि स्टे-४ आधीच ३८ वर आहे. दुरुस्तीला वेगळं टेबल द्या आणि पंख्याचं स्टेट मशीन काढा : लाईनवर, पास, दुरुस्तीत, पुन्हा टेस्ट, भंगार. ‘दुरुस्तीतून थेट पॅकिंग’ असा बाण त्यात नसतो. कामाच्या टेबलावर मात्र तो सहज तयार होतो.

या पातळीला सिसएमएल पुरत नाही. मॉडेलमधून कृती, वेळ, पसर आणि नेमणुकीची सीएसव्ही काढून सिमपाय किंवा जामसिम या सिम्युलेशनच्या टूलमध्ये चालवा. दोन्ही फुकट आहेत.

---

रुळावरून

माणसं कमी असतानाची मांडणीही आधीच आखून ठेवा. जुलैत मुसळधार पडून लोकल थांबली की अकरातली आठच पोचतात, आणि सातच्या शिफ्टला सुपरवायझर उभ्या-उभ्या लाईन आखतो. त्याच्यासाठी मॉडेलमध्ये दुसरी नेमणूक तयार असावी : त्या दिवशी फक्त इंडक्शन. क-४० हलवण्याआधीच्या १२ जागांच्या मांडणीवर स्टे-२ आणि ३ एका माणसाकडे (५२), स्टे-५ आणि ६ एकाकडे (५०), स्टे-७ आणि ८ एकाकडे (४४), बाकीच्या पाच जागी एकेक. लेबल त्या दिवशी परत स्टे-९ वर, नाहीतर ४४ चे ५४ होतात. अडथळा ५२ सेकंदांचा. २७,००० भागिले ५२, ९० टक्क्यांनी साधारण ४६०. सातलाच हा आकडा हाती असला की डिस्पॅचला खरा शब्द देता येतो.

---

चहावाली_सुट्टी

त्याच पावसात स्टे-७ वर इन्सुलेशन रीडिंग खाली येतं. वाइंडिंग ओल धरतं. मर्यादा २ मेगाओहम असेल आणि मार्चमध्ये शेकड्यांत येणारं रीडिंग जुलैत मर्यादेजवळ घोटाळायला लागलं, तर दोष लाईनचा नाही, स्टेटर कुठे आणि किती दिवस पडून होता त्याचा आहे. स्टेटरच्या ब्लॉकला ‘व्हार्निशनंतरचे दिवस’ असा गुणधर्म द्या आणि क-१० वर तपासा. १४ सेकंदांत चिठ्ठी वाचून होते.

---

फिरकी_टाका

टूल कोणतं घ्यावं?

---

खालचा_माळा

पॅपिरस आणि कॅपेला दोन्ही ओपन-सोर्स. कॅपेला आर्केडिया पद्धतीवर उभं आहे, उत्पादनाची रचना मांडायला उत्तम, लाईनच्या कृतींसाठी ओढाताण होते. पैसे असतील तर कॅमिओ किंवा एंटरप्राइज आर्किटेक्ट. ओएमजीने (सिसएमएलचं मानक ठरवणारी संस्था) २०२५ मध्ये सिसएमएल व्ही-२ ला अंतिम मान्यता दिली, आणि त्यात मॉडेल मजकूर म्हणून लिहिता येतं. फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं टूल) ठेवली की कोणी क-९० चा वेळ ५२ चा ४८ केला ते एका ओळीत दिसतं. व्हेरिएशन-व्हेरिएंट भाषेतच आहेत, म्हणून ‘कपॅसिटर किंवा पीसीबी’ हे सरळ लिहिता येतं.

पण कोणत्याही टूलमध्ये एक चूक टाळा : सगळं मॉडेल करू नका. जो निर्णय बदलणार नाही त्याचं मॉडेल नको. कन्व्हेअरच्या मोटरचं अंतर्गत ब्लॉक डायग्राम काढलेलं दिसलं की समजावं, वेळ भलतीकडे गेला.

---

चहावाली_सुट्टी

आणि टेबलावरच्या माणसाला सिसएमएल दाखवू नका. त्याला कार्ड हवं : स्टेशन, पंख्याचा प्रकार, पावलं, फोटो, टॉर्क, काय बिघडू शकतं. मराठी-हिंदी दोन्हीत. हे कार्ड मॉडेलमधून आपोआप निघालं पाहिजे. हाताने टाइप केलेलं एक जरी कार्ड राहिलं तर पाचवी प्रत तयार झाली. इंडक्शनच्या कार्डाला एक रंग, बीएलडीसीला दुसरा, आणि क्रेटच्या चिठ्ठीचा रंगही तोच.

---

कोपरखैरणे_ते_कुर्ला

एक राहिलं, ८अ आणि ८ब बद्दल. बीएलडीसी दोन्ही बेंचवर एकाच वेळी असेल तर ८अ चा रिमोट ८ब च्या पंख्याशी जोडला जातो. दोन्ही पंखे पेअरिंगच्या खिडकीत असतात, सिग्नल शेजारी पोचतो, टेस्टर दोन्ही पास करतो. ग्राहकाच्या खोक्यात रिमोट दुसऱ्याच पंख्याचा.

---

दहाचा_पाना

हा इंटरफेस मॉडेलमध्ये नव्हता. दोन समांतर बेंच एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीत होतं, लिहिलेलं नव्हतं.

उपाय असा दिसतो : आयआर (इन्फ्रारेड) रिमोट असेल तर दोन बेंचमध्ये पत्र्याचा पडदा, पंख्याच्या उंचीपेक्षा वर. पत्रा यासाठी की तो मळत-फाटत नाही. आरएफ (रेडिओ) असेल तर पडद्याने भागत नाही. मग पेअरिंग एका वेळी एकाच बेंचवर : ८अ पेअरिंगमध्ये असताना ८ब च्या पंख्याचा पुरवठा टेस्टरच्या रिलेने रोखायचा. पेअरिंगला १० सेकंद धरले तर वाईटात वाईट ५८ चे ६८. दोन बेंचवर ८० सेकंद मिळतात, म्हणजे बसतं. आणि पेअरिंग झाल्यावर टेस्टरने रिमोटवरून वेग बदलून त्याच पंख्याचा करंट बदलतो की नाही ते पाहायचं. ही पडताळणी वेगळी गरज म्हणून नोंदवतो, क-११० शी जोडून.

---

कोपरखैरणे_ते_कुर्ला

करंट बदलण्याची तपासणी करताना शेजारचा पंखा स्थिर वेगावर असला पाहिजे, नाहीतर दोघांचे करंट एकाच वेळी हलतील आणि काहीच कळणार नाही. रिलेच्या त्याच लॉकमध्ये ही पायरीही धरा.